बुडालेल्या गावांचे वकील

जगात आजवर जेवढी नगरं पाण्याखाली गेली, गेली असं कोणी म्हणतं, किंवा जाता जाता राहिली, त्या सगळ्यांचं वकीलपत्र माझ्या ताईच्या सासऱ्यांनी घेतलं होतं. आबा म्हणायचो आम्ही त्यांना. कृष्णाची द्वारका झाली, दक्षिणेच्या समुद्रातली म्हणतात ती नगरं झाली, एवढंच काय, रविवारच्या पेपरात कधीतरी आलेलं ते अटलांटिस झालं. यातलं एक जरी खोटं असं कोणी म्हणालं, तर आबा हातातली भाकर खाली ठेवायचे. भाकर खाली ठेवली की समोरच्यानं समजून जायचं, आता आपली सुटका न्हाई. लग्नाची पंगत असो की तेरवीची, कनेरगाव नाक्यावरचं हॉटेल असो की हिंगोलीच्या एसटीतलं मागचं बाकडं, आबांना फक्त एक अविश्वासू माणूस लागायचा. आणि तो त्यांना माझ्या रूपानं सोयऱ्यातच मिळाला.

कारण आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यातही इतिहास घेऊन बीए. वडलांनी दुसऱ्याच्या रानात राबून मला शिकवलं होतं, त्यामुळं त्या पदवीचा मला अभिमान होता आणि आजही आहे. कोणी काही बोललं की मी पुरावा मागायचो. बीए झाल्यावर ताईच्या सासरी मुक्कामाला गेलो, तेव्हा जेवता जेवता आबांनी द्वारकेचा विषय काढला आणि मी म्हणालो, 'आबा, शिलालेख सापडला का तिथं? नाणी?' भाकर खाली ठेवली गेली. ताईनं दाराआडून माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिचं सासर पेटवून दिलं होतं.

पण आबांचं वकीलपत्र इतरांसारखं नव्हतं. द्वारका सोन्याची होती, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. 'सोनं-बिनं सोडा, पाव्हणं,' ते म्हणायचे, 'माळवदाची घरं असतील साधी. पावसाळ्यात गळत असतील.' अटलांटिसच्या लोकांना तर, त्यांच्या मते, आधी नोटीस आलेली असणार. 'सरकार कोणतं बी असू द्या, नोटीस येतेच. त्याईनं ती वाचली नसंल. आमी बी कुठं वाचली?' या बोलण्यावर पंगत हसायची. आबाही हसायचे, पण सगळ्यांच्या आधी थांबायचे.

या वकिलीपायी त्यांनी बरंच सोसलं. आखाडा बाळापूरच्या बाजारात एकदा ते बैल घ्यायला गेले. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं सांगत नसतात. उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून ठरवतात. आबांचा हात दलालाच्या हातात, वर उपरणं, आणि नेमकं तेव्हा शेजारचा एक जण म्हणाला, समुद्रात शहर असतं तर माशांनी खाल्लं नसतं का. आबांचा हात गुंतलेला, पण मुद्दे तर मोजून सांगायचे होते. एक मुद्दा, एक बोट. दुसरा मुद्दा, दुसरं बोट. चौथ्या मुद्द्याला दलालानं समाधानानं उपरणं काढलं आणि एका डोळ्यानं अधू, म्हातारा बैल आबांच्या हवाली केला. त्या बैलाला घरात सगळे द्वारक्या म्हणायचे. तो पुढं कितीतरी वर्षं काम न करता जगला. आबांनी त्याला कधी विकला नाही. वादात जिंकलेला बैल आहे, म्हणायचे.

आता यामागचं खरं कारण सांगतो. आबांचं स्वतःचं गाव पाण्यात होतं. पूर्णेवर सिद्धेश्वरचं धरण झालं, तेव्हा नदीकाठचं ते लहानसं गाव उठलं. आबा तेव्हा ऐन जवानीत होते. लोकांनी दारं, चौकटी, तुळया, पायऱ्यांचे दगडसुद्धा बैलगाड्यांत घालून माळावर आणले आणि नवं गाव बसवलं. आबा त्या जुन्या गावाच्या गोष्टी नातीला, म्हणजे माझ्या भाचीला सांगायचे. आडाचं पाणी कसं गोड, पाराला किती मुंग्या, कोणाच्या भिंतीवरून उडी मारली की कोणाच्या अंगणात पडायचं. ती लहान होती तोवर हुंकार द्यायची. मग घरात टीव्ही आला, त्यावर रोज राजे, राक्षस आणि नगरं दिसू लागली, आणि चौथी-पाचवीत गेल्यावर एक दिवस ती सहज म्हणाली, 'आबा, तुमी टीव्हीतल्यावानी सांगून राहिले. असं गाव ऱ्हात असतं व्हय?'

आबांचं गाव नातीनं खोट्या गावांच्या गाठोड्यात टाकलं होतं. आता त्या गाठोड्यातून आपलं एकटं गाव काढायचं कसं? म्हणून आबांनी अख्खं गाठोडंच डोक्यावर घेतलं. द्वारका खरी ठरली, तर आपलं गाव का नाही ठरणार, असा त्यांचा हिशोब होता. हे मला ताईनं सांगितलं, आणि पुरावा मागायची माझी हौस जरा मंदावली.

मग एका वर्षी पाऊसच झाला नाही. उन्हाळ्यात धरण पार तळाला गेलं. आबा पहिल्या गाडीनं माझ्या दारात हजर, सोबत भाची. ती आता नववीत होती आणि तिचं तोंड फुगलेलं होतं. 'चला बीए साहेब,' आबा म्हणाले, 'तुमचा पुरावा उघडा पडला.'

आम्ही गेलो. समोर भेगाळलेला काळा गाळ, त्यात शिंपले, आणि बाभळीची दोन-चार खुंटं. गाव नव्हतं. असणार कसं? गावकऱ्यांनी दगडसुद्धा नेले होते. उरल्या होत्या मातीच्या भिंती, त्या विरघळून केव्हाच गाळ झाल्या. आबा झपाझप चालू लागले. इथं पार, म्हणाले. मग थांबले. न्हाई, तिकडं. मग पुन्हा मागं फिरले. डबक्याशी जाळं विणत बसलेला एक भोई सगळं बघत होता. त्यानं विचारलं काय शोधता. मी सांगितलं, इथलं जुनं गाव. तो म्हणाला, 'इथं कुठलं गाव? माझ्या बापानं बी इथं मासेच धरले.'

मी आबांकडं पाहिलं. आता ते याला सोडणार नाहीत, असं मला वाटलं. पण द्वारकेसाठी बाजार डोक्यावर घेणारा तो माणूस नुसता धोतराला लागलेला गाळ झटकत राहिला.

भाची माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, 'मामा, तुमी शिकलेले हाव. खरं सांगा. व्हतं का इथं गाव?'

मी दोन पावलं बाजूला गेलो. तेवढ्यात आबा म्हणाले, वाद घालायच्या आवाजात नाही, घरातल्या आवाजात, 'पाव्हणं, चपला काढा. चूल हाय तिथं.'

ती जागा बाकीच्या गाळासारखीच गाळ होती. मी वाकून चपला काढल्या आणि हातात धरून बाजूला झालो. पाय चटचट भाजत होते. भाचीनं माझ्याकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं, आणि तिनंही आपल्या चपला काढल्या.

मग तिनं विचारलं, 'आबा, मंग दार कोण्या अंगाला व्हतं?'

आबांनी हात पूर्वेकडं केला. जरा थांबले, डोळे बारीक केले, आणि तो थोडासा उत्तरेला सरकवला.