बैलाच्या कानात सांगितलेलं नातं

ऐंशी सालच्या आसपास मी पुलगावात कारकून होतो. शेजारच्या खोल्यांत एक मणिपुरी जोडपं राहायचं. नवरा दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला होता. त्याची बायको संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडत बसायची आणि मला नि माझ्या बायकोला हिंदीतून तिकडच्या गोष्टी सांगायची. त्यातली जुन्या काळातल्या एका मैतेई राजपुत्राची गोष्ट माझ्या डोक्यात जाऊन बसली.

हा राजपुत्र लहानपणीच पोरका झालेला, थोरल्या बहिणीनं काबाडकष्ट करून वाढवलेला. मुलखात एक बैल माजला होता, कुणाला जवळ येऊ देत नव्हता. त्याला धरायचं काम राजपुत्रावर आलं. बहीण म्हणाली, "तो आपल्या वडिलांचाच बैल आहे. त्याला त्यांची रेशमी दोरी दाखव, आणि तू कुणाचा मुलगा ते कानात सांग." त्यानं तसं केलं. बैल शांत झाला आणि त्याच्यासोबत निघाला.

"म्हणजे ताकद नाही लावायची, नातं सांगायचं," मी बायकोला समजावलं. लग्न नवं होतं, समजावण्याची हौस दांडगी होती.

त्या वर्षी पोळ्याला आम्ही सासुरवाडीला गेलो, पवनारच्या पुढे, धाम नदीकाठी. बैल धुताना सासऱ्यांचा नवा गोऱ्हा सुटला आणि शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरला. दोघे मेहुणे धावले, तर त्यानं शिंगं रोखली. मंडळी बांधावरच थांबली.

माझ्या अंगात राजपुत्र संचारला. लग्नातलं रेशमी उपरणं खांद्यावर होतंच. ते पुढे धरून मी ज्वारीत उतरलो.

"अवो, काय करून राह्यले तुमी?" बायको ओरडली.

मी हात वर करून तिला गप्प केलं. गोऱ्हा खरंच थांबला. मी त्याच्या कानापाशी पोचलो आणि अडलो. माझे वडील रेल्वेत तिकिटं तपासायचे. त्यांच्याशी गोऱ्ह्याचा काय संबंध? शेवटी पुटपुटलो, "मी मामाजींचा जावई."

हे नातं त्याला पसंत नसावं. त्यानं मान उडवली, उपरणं शिंगात अडकलं आणि मी पळत सुटलो. टेरिकॉटच्या नव्या पँटीत पुढे मी, मागे उपरणं मिरवत गोऱ्हा. वाट फुटेल तिकडे पळता पळता सासऱ्यांच्या गोठ्यात घुसलो आणि गव्हाणीवर पाय देऊन कडब्याच्या माळ्यावर चढलो. गोऱ्ह्याला गव्हाणीत सरकीची ढेप दिसली, तो खायला लागला. मागून धावत आलेल्या बायकोनं दाराला आडणा घातला.

तेवढ्यात सासरे धापा टाकत पोचले. "पाहा लेकहो! जवाईबापूनं गोऱ्हा घरी आणला! मारलं नाई, का हाणलं नाई!" मग वर बघून म्हणाले, "पण तुमी वर काऊन बसले?"

"कडबा किती उरलाय ते बघतोय," मी म्हणालो.

पुलगावला परतल्यावर बायकोनं हा सगळा प्रकार ओट्यावर नकलांसकट करून दाखवला. शेजारीण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग गंभीर होऊन मला म्हणाली, "लेकिन भैया, बैल घर तो आया ना?"

मी जरा ताठ बसलो.

"बैल आला," बायको म्हणाली, "पण यांना खाली उतरवायला दोन माणसं लागली."

खरं तर तीन लागली होती. शिडी धरणाऱ्याला तिनं मोजलंच नाही.