बसून न राहणारे मुनीरभाई

विमान आकाशात स्थिर झाले, जेवणाचे ट्रे उचलले गेले आणि दिवे मंद झाले की मुनीरभाई बूट काढायचे. दोन्ही पाय पुढे सरकवून टाचा टेकवायचे, चवडे उचलायचे. मग चवडे टेकवून टाचा उचलायचे. कमरेच्या वर माणूस अगदी स्वस्थ आणि खाली शिलाई मशीन चालू. त्यांचे वडील औरंगपुऱ्यात टेलर होते. पहिल्यांदा शेजारी बसलो तेव्हा मला वाटले, हे घाबरलेत. तसे विचारले तर म्हणाले, "घाबरतो कशाला? पायातलं रक्त वर धाडतोय. बसून राहिलं की ते खालीच मुक्काम करतं, मियाँ. तुम्हीपण चालवा मशीन."

वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही दोघे माल तपासणीच्या विभागात होतो. आमचा माल ब्राझीलला जायचा. तिकडे एखाद्या खोक्यात चार नग खराब निघाले की गिऱ्हाईक सगळा माल अडवून ठेवी आणि इथून माणूस पाठवावा लागे. त्याने परक्या गोदामात दिवसभर उभे राहून एकेक नग मापायचा, चांगले-वाईट वेगळे करायचे आणि परतायचे. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. व्हिसा आमच्या दोघांकडेच होता, म्हणून आळीपाळीने जायचो. माल फार असला तर दोघे. वर्षात सहा-सात फेऱ्या व्हायच्या. लोकांना वाटे, काय मजा आहे यांची! प्रत्येक फेरीनंतर मी आठवडाभर तापाने, खोकल्याने पडून असे. मुनीरभाई दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

त्यांचे सगळे ठरलेले असे. जागा नेहमी येण्याजाण्याच्या वाटेकडेची. "खिडकीत काय ठेवलंय? ढगच ना?" पोटऱ्या आवळणारे लांब मोजे घरूनच घालून यायचे. विमानातली हवा कोरडी म्हणून दर चार-पाच तासांनी नाकात तुपाचे बोट फिरवायचे, त्यासाठी भाभींनी दिलेली इवलीशी डबी खिशात असे. जेवण निम्मे ठेवायचे, चहा-कॉफी बंद, पाणी मात्र सारखे. विमानात शिरताच घड्याळ तिकडच्या वेळेवर लावायचे आणि मला दटावायचे, "आता घरचा टाइम विसरा. पोट एका गावात अन् मन दुसऱ्या गावात असलं की माणूस बिघडतो."

उतरल्यावर झोपू द्यायचे नाहीत. हॉटेलच्या समोर गाड्या लावायची मोकळी जागा होती, तिथे भर उन्हात मला फिरवायचे. माझे डोळे मिटत असत. "मुनीरभाई, पाया पडतो तुमच्या, अर्धा तास झोपू द्या."

"पाया पडू नका, पाय उचला. इथला सूर्य अंगावर घेतला की इथली रात्र आपोआप लागते. लई शाणे आहात, पण झोपेच्या बाबतीत एकदम लहान पोर!"

एकदा आमच्या ओळीत एक म्हातारे गृहस्थ सहा तास हलले नव्हते. मुनीरभाईंना राहवेना. "चाचा, उठो. जरा चक्कर मारके आते." चाचांना हिंदी कळत नव्हती, पण ते उठले. त्यांच्यामागे त्यांची बायको, तिच्यामागे आणखी कोणी. पाच-सहा जणांची दिंडी पाहून हवाई सुंदरीने सगळ्यांना बसायला सांगितले. मुनीरभाई हात जोडून म्हणाले, "सिस्टर, लेग स्लीप, मॅन फिनिश." तीही हसली, सगळेच हसले. मी कारखान्यात आल्यावर हा किस्सा नक्कल करून कितीतरी जणांना सांगितला. आता सांगत नाही.

त्या वर्षी गणपतीनंतर त्यांची मोटारसायकल घसरली. उजव्या घोट्याजवळ हाड मोडले आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर आले. प्लास्टर निघाले तेव्हा पोटरी सुकून मनगटासारखी झाली होती आणि पाऊल मात्र सुजलेले. डॉक्टरांनी सांगितले होते, हळूहळू चाला, दीड महिना लांबचा प्रवास नको, एका जागी फार वेळ बसू नका. मुनीरभाईंनी हे मला स्वतः सांगितले. "घ्या! मी जगाला सांगतो तेच डॉक्टरनं मला ऐकवलं. वर फीपण घेतली."

ते कामावर रुजू झाले त्याच आठवड्यात ब्राझीलहून निरोप आला. माल अडला होता. फेरी माझी होती.

इथे मला काही मोठे कारण लिहिता आले असते तर बरे झाले असते. तसे काही नव्हते. आदल्या फेरीनंतर माझी झोप गेली होती, छातीत कफ राहिला होता, आणि पुन्हा ते छत्तीस तास, ती कोरडी हवा, ती अवेळ नको वाटत होती. मला माझी तब्येत सांभाळायची होती. एवढेच. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितले, "वैजापूरला आई आजारी आहे. मला जमणार नाही."

मुनीरभाई तिथेच होते. ते लगेच म्हणाले, "अम्मीच्या तब्येतीपेक्षा माल मोठा आहे का, साहेब? मी जातो."

"पण तुमचा पाय?" साहेबांनी विचारले.

"पायाचं काय? चालत थोडंच जायचंय. विमानात बसूनच जायचंय ना."

हे ते माझ्यावरचे ओझे कमी करायला बोलले. बसून जाणे हेच त्या पायाला विष आहे, हे त्या केबिनमध्ये दोघांनाच ठाऊक होते. ज्याला ते त्यांनीच शिकवले होते, तो मी गप्प बसलो. त्यांच्या उजव्या बुटाची नाडी सैल सोडलेली होती, कारण पाऊल आत मावत नव्हते. मी ती पाहिली आणि नजर वळवली.

तिकडून त्यांचा रोज फोन यायचा. कामाचे दोन शब्द झाले की पहिला प्रश्न, "अम्मी कशा आहेत?" पहिल्या दिवशी मी म्हणालो, अशक्तपणा आहे. दुसऱ्या दिवशी म्हणालो, सलाईन लावले आहे. मी तेव्हा मुकुंदवाडीत, माझ्या घरी, पोहे खात होतो.

परतताना विमान गच्च भरले होते. मुंबईत उतरून फोन केला तेव्हा त्यांचा आवाज दमलेला वाटला. "या वेळी मधली सीट गळ्यात पडली. दोन्हीकडं पैलवान झोपलेले. किती वेळा उठवणार? मशीन चालवली बसल्या बसल्या, पण एकाच पायाची." आणि हसले. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून बाहेर आले, दम लागला म्हणून खाटेवर बसले आणि कलंडले. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरले नव्हते. पायात रक्ताची गाठ झाली होती, ती फुप्फुसात गेली, असे डॉक्टर म्हणाले. जनाज्याला मी खांदा दिला. लोक बाजूला होऊन मला जागा देत होते, जवळचा मित्र म्हणून.

त्यांच्यानंतर सगळ्या फेऱ्या माझ्याकडे आल्या. मी मोजे घालतो, पाणी पितो, घड्याळ बदलतो, दर दोन तासांनी उठून चालतो. माझी तब्येत उत्तम राहिली आहे. परत आल्यावर आता पडून राहावे लागत नाही. या गोष्टीचा मला एक दिवसही आनंद झालेला नाही.

शहनाजभाभींना सांगायचे मी कितीदा ठरवले. दर ईदला जायचो. दाराबाहेर चपला काढताना शब्द तयार असत. भाभी पाण्याचा ग्लास पुढे करत आणि विचारत, "भाईजान, अम्मी ठीक आहेत ना?" मी म्हणे, "ठीक आहेत." मग बोलणे तिथेच थांबे. आई तर खरोखरच ठणठणीत होती. तिचा फोन आला, ती खणखणीत आवाजात शेतातल्या गमती सांगू लागली की मला मेल्याहून मेल्यासारखे होई. आईची प्रकृती चांगली असल्याचे दुःख वाटणारा मुलगा दुसरा कोणी असेल, असे मला वाटत नाही.

सहा वर्षांनी आई खरोखर आजारी पडली. तिला इथे आणून दवाखान्यात ठेवले, सलाईन लावले. त्या बाटलीकडे पाहताना मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले. निदान आता बोललेले खरे झाले. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

कारखान्यातल्या कोणाकडून तरी कळून शहनाजभाभी दुपारी भेटायला आल्या. आईची आणि त्यांची ती पहिलीच भेट. पलंगाशी स्टूल ओढून त्या मोसंबी सोलू लागल्या.

"अम्मी, फिकर नक्को करा. त्या वेळी उठल्या तशा आतापण उठाल."

"कवा वं बाई?" आईने विचारले.

"सहा वर्षं झाली की. आमचे हे गेले त्याच्या आधी. तुम्हाला सलाईन लावलं होतं ना? हे तिकडून मला रोज सांगायचे, जाधवसाबच्या अम्मीसाठी दुवा कर."

आई हसली. "मला सलाईन? आतापस्तोर सुईबी टोचली नव्हती गं कुणी. त्या साली तर लई कापूस झाला व्हता, मी सोता येचायला जात व्हते. दुसरीच कोनी आसंल. इचार की याला."

तिने माझ्याकडे बोट केले. भाभींनी माझ्याकडे पाहिले. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहू लागलो. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मग मान खाली घातली. उरलेली मोसंबी सोलली. एकेक फोड मोकळी केली, बिया काढून ती आईच्या हातावर ठेवली. आईचे खाऊन होईपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. मग पदराला हात पुसले आणि उठल्या.

जिन्यात मी त्यांना गाठले. "भाभी," एवढेच तोंडून निघाले.

इतकी वर्षे त्या मला भाईजान म्हणत आल्या होत्या. कठड्याला धरून, मागे न वळता त्या म्हणाल्या, "जाधवसाब, वर जा. या वेळी अम्मी खरंच आजारी आहेत."