सरांचं नाक आणि मेंदूज्वराची लस

आमची प्रयोगशाळा हॉस्पिटलच्या तळघरात आहे. दुपारी तिथे पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. यंत्रांची संथ घरघर, ट्यूबलाइटचा पांढुरका उजेड आणि काचेच्या बरणीत जळणारी एक मेणबत्ती. काही जंतूंना मोकळी हवा मानवत नाही. ते ज्यात वाढवतात त्या थाळ्या बरणीत रचायच्या, वर मेणबत्ती लावायची, झाकण घट्ट बसवायचं. ज्योत लहान होत जाते आणि आपली आपण विझते. ते बघत बसल्याबद्दल सर मला कधी बोलले नाहीत. तेही बघत बसत.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. ते जंतू नाकाने ओळखत. थाळीचं झाकण किंचित उचलायचं, हुंगायचं, डोळे मिटायचे आणि नाव सांगायचं. एका जंतूला द्राक्षांचा वास येतो, एकाला उंदराच्या पिंजऱ्याचा. असं करू नये, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. सरांच्या मते ती सूचना सर्दी झालेल्यांसाठी होती.

मागच्या वर्षी हॉस्पिटलात लसीकरणाचा जनजागृती कार्यक्रम झाला. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद केले, ते पुन्हा लावायचं कोणाला सुचलं नाही. अध्यक्ष सर होते. ते मेंदूज्वराच्या लसीवर बोलले आणि छान बोलले. नंतर लिफ्टमध्ये कोणीतरी विचारलं, की ही लस आपल्यापैकी किती जणांनी घेतली आहे. सगळे हसले. ती हजला जाणाऱ्यांना आणि अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांना लागते, असं एका सर्जननी सांगितलं. दुसऱ्यांना वाटत होतं, ती आपल्याला लहानपणीच दिलेली असते. सर म्हणाले, "आम्हाला जंतू ओळखतात."

आम्ही खाली आलो. सत्काराची शाल अजून सरांच्या खांद्यावर होती. टेबलावर एका तापाने फणफणलेल्या विद्यार्थ्याच्या रक्ताची थाळी होती, तिच्यावर दवासारखे करडे ठिपके उगवलेले. त्यातलाच एक काचेवर घेऊन मी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत होते, तेवढ्यात सरांनी थाळीचं झाकण उचललं आणि लांब श्वास घेतला.

"कशाचाच वास नाही," ते म्हणाले.

मला भिंगातून गुलाबी दाणे दिसत होते, जोडीजोडीने, गप्पा मारायला बसल्यासारखे. मेंदूज्वराचे. ते श्वासावाटेच शिरतात. मी उठून सरांना खुर्ची दिली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग शाल काढून तिची नीट घडी घातली. मी वॉर्डात फोन केला आणि फार्मसीतून सरांसाठी प्रतिबंधाची गोळी मागवली. त्यांनी ती उभ्याउभ्याच गिळली.

पुढचे दिवस धुक्यातून गेल्यासारखे गेले. खराडीला सरांच्या मुलीकडे बाळ झालं होतं. गोळीने धोका बहुतेक टळला होता, तरी बाळाला बघायला जायचं ते टाळत राहिले. घरी कामाचं कारण सांगितलं. इथे मात्र अहवाल वाचता वाचता थांबायचे आणि हनुवटी छातीला टेकवून बघायचे, मेंदूज्वरात ताठरते तशी मान ताठरलेली नाही ना म्हणून. टेकली, की पुढचा अहवाल. मीही न बघितल्यासारखं करून बघायचे.

काही झालं नाही. वर वॉर्डातला तो विद्यार्थीही सावरला. एका सकाळी सर म्हणाले, "चला," आणि आम्ही लसीकरणाच्या खोलीत गेलो. बाकावर परदेशी निघालेली मुलं आणि त्यांचे आईवडील व्हिसाचं बोलत होते. सिस्टरना वाटलं, सर कुठेतरी दौऱ्यावर निघालेत.

"कुठला देश, सर?"

"तळघर."

त्या हसल्या. सरांनी बाही वर केली तेव्हा थांबल्या. कुपीतली पूड विरघळवताना त्यांनी हळूच विचारलं, "मग आम्हीपण घ्यायची का, सर? आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही."

भाषणाला त्या पहिल्या रांगेत होत्या. सरांना ते आठवलं असावं, कारण त्यांनी नजर कुपीकडे वळवली.

"सरसकट नाही," ते म्हणाले. "जंतू हाताळणाऱ्यांनी आधी. संध्याकाळी खाली या, सावकाश सांगतो. आज मला खराडीला जायचंय, तेव्हा उद्या या."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सिस्टरनी दुसरी कुपी काढली.