पाळकसाहेबांना चेहरा दिसला नाही

त्यांनी बाबांच्या तोंडात शेण कोंबलं. एकाने माझी वेणी मुठीत धरून मान मागे ओढली होती, मला नीट दिसावं म्हणून.

रविवारची दुपार. गुडगावच्या अर्धवट बांधलेल्या एका कॉलनीत, भाड्याच्या खोलीत आमची उपासना चालायची. नव्या कारखान्यांत कामाला आलेली मराठी ख्रिस्ती माणसं यायची. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून मी आणि बाबा बसने जायचो. बाबा मंत्रालयात क्लार्क. रविवारी पेटी वाजवायचे.

पहिलं गीत चालू असतानाच दार तोडून जमाव आत घुसला. पहिली लाथ पेटीला बसली, दुसरी बाबांना. बाबा पडले तरी उजवा हात पेटीवरच होता. सगळे ज्याला नेताजी म्हणत होते, तो पांढऱ्या कुर्त्यातला माणूस त्या बोटांवर टाच देऊन उभा राहिला. मग त्याने टाच फिरवली. हाडं मोडतात त्याचा आवाज येतो. मी ऐकलाय.

"जात बदलने से औकात नहीं बदलती," तो म्हणाला.

माझ्या आजोबांनी महारवाड्यातून बाहेर पडायला बाप्तिस्मा घेतला होता. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने अंदाज केला, आणि अंदाज बरोबर निघाला.

पाळकसाहेब त्याच खोलीत भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कोणी बोटही लावलं नाही. त्यांचं घराणं ब्राह्मणांतून ख्रिस्ती झालेलं. हे ते प्रवचनातसुद्धा सांगायचे.

पोलीस ठाण्यात हवालदाराने पाळकांना विचारलं, "पादरी साहब, आपने किसको देखा?"

"भीड़ थी. चेहरा किसी का नहीं दिखा."

हवालदाराने पेन खिशात ठेवलं. बाबांच्या हनुवटीवरून अजून हिरवी लाळ गळत होती. बाहेर आल्यावर पाळक मला म्हणाले, "हे बघ बाळ, आपण ख्रिस्ताची मंडळी आहोत, पार्टी नाही. क्षमा करायची. चर्चने राजकारणात पडू नये." मी तेव्हा ऑफिसात नोकरी करत होते, आणि ह्यांच्यासाठी बाळ. त्यांची मान धरून तेच शेण त्यांच्या तोंडात घालावं असं मला वाटलं. आजही वाटतं.

बाबांची बोटं वाकडी जुळली. पेटी सुटली. घरात गाणं बंद झालं.

त्याच वर्षी नाताळच्या उपासनेला प्रमुख पाहुणे आले. तोच पांढरा कुर्ता, वर जाकीट. पंचमंडळाला, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांना, गुडगावात चर्चसाठी प्लॉट हवा होता आणि तो ह्यांच्या एका शब्दावर मिळणार होता. पाळकांनी हार घातला. मंडळीने टाळ्या वाजवल्या. मग नेताजी खाली उतरून लोकांशी हात मिळवत फिरला. बाबांची वाकडी बोटं त्याने दाबली. ओळखलं नाही. बाबा हसले.

"सलाम, साहेब," म्हणाले.

सलाम आम्ही आपसात करतो, भावाला, बहिणीला. बाबांच्या त्या हसण्याने माझं रक्त उकळलं.

आमच्याकडे प्रवचनाआधी साक्ष असते. ज्याला वाटेल त्याने उठावं, देवाने आपलं काय भलं केलं ते सांगावं. कोणाला नोकरी लागलेली असते, कोणाचा मुतखडा पडलेला असतो. मी उठले, बाबांचा हात वर धरला आणि माईकवर हिंदीत बोलले, पाहुण्याला समजावं म्हणून.

"यह हाथ इन्होंने तोड़ा है. पादरी साहब वहीं खड़े थे."

माईक बंद झाला. पाळक वेदीवरून उतरले आणि भर मंडळीत त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. कानात शिट्टी वाजली. ओठ फुटला. दुसरा गाल मी पुढे केला नाही. त्यांचं मनगट पकडलं आणि सोडलं नाही.

"आता सांगा," मी म्हणाले, "चेहरा दिसला का?"

नेताजी हार खुर्चीवर टाकून निघून गेला.

प्लॉट गेला. पंचमंडळाने आम्हाला मंडळीतून काढलं. कारण काय, तर मी चर्चमध्ये राजकारण आणलं. ज्याने माझ्या बापाची बोटं मोडली त्याला जमिनीसाठी हार घालणं, ते राजकारण नव्हतं. ती सेवा होती. बापाचा हात वर धरला, ते मात्र राजकारण झालं. असेल. मग मी ते करणार.

नाताळनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी ऑफिसला नेणारी चार्टर्ड बस सोडून दिली आणि बाबांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. बाबा वाटेत म्हणाले, "चल, परत जाऊ." मी त्यांचा दंड सोडला नाही. हवालदार तोच होता. तक्रारीत नेताजीचं नाव लिहायला लावलं, साक्षीदार म्हणून पाळकांचं.

"मैडम, केस टिकेगा नहीं," तो म्हणाला.

न टिको. पाळकांना समन्स जाईल. ते कोर्टात उभे राहतील, शपथ घेतील आणि माझ्या बापाच्या हाताकडे बघून खोटं बोलतील. प्रत्येक तारखेला मी समोर बसलेली असेन.