गणपतीच्या आत

माझी सून दुकानातून आणलेल्या प्रत्येक पुड्यावरची तारीख वाचते. तारीख उलटलेली असली की पुडा सरळ कचऱ्यात. आतला जिन्नस कसा आहे हे उघडून बघायचीही तिला गरज वाटत नाही. मी वाद घालत नाही. तारखांवर माझा विश्वास आहे असं नाही आणि नाही असंही नाही. शाळेत असताना मी स्वतः अशी मुदत सांगणाऱ्या चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. त्यांतली शेवटची मला पाठ आहे, कारण तीत चारच शब्द होते.

आमचं घर रत्नागिरीत मिऱ्याच्या वाटेवर. घरात आई आणि मी. वडील माझ्या लहानपणीच गेले होते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा भाऊ मुंबईत एका छापखान्यात नोकरीला होता. गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत चौदाजण राहायचे. प्रत्येकाला भिंतीशी एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि वर कपडे टांगायला एक खुंटी. भाऊ वर्षातून दोनदा घरी यायचा, शिमग्याला आणि गणपतीला.

आईला अक्षर येत नव्हतं, पण नाक असं होतं की विचारू नका. शेजारपाजारच्या बायकासुद्धा पापडाचं पीठ, लोणच्याची फोड तिच्या नाकाखाली धरून निकाल घेऊन जायच्या. ती वास घ्यायची आणि "ऱ्हाईल" किंवा "जायल" एवढंच म्हणायची. घरातल्या कुठल्याही बरणीवर चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी फक्त भावाच्या बरणीला, कारण पुरुषमाणसाला नाक नसतं, असं तिचं ठाम मत होतं. "त्याला कुजला काय नि पिकला काय, समजतंय कुठं?" ती म्हणायची.

त्या बरणीत आंब्याचा मावा असायचा. मे महिन्यात रायवळ आंब्यांचा रस कल्हईच्या पातेल्यात घट्ट गोळा होईपर्यंत आटवायचा. आटताना तो हातावर उडतो. आईच्या मनगटांवर त्याचे डाग कायमचे होते. साखर ती बेताचीच घालायची, भावाला फार गोड आवडत नसे म्हणून, आणि म्हणूनच तो मावा वर्षभर टिकण्यातला नव्हता. गार झाल्यावर चिनीमातीच्या बरणीत भरायचा, तोंडाला दुहेरी फडकं, सुतळीची गाठ, वर मेण ओतायचं. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत, शेवटच्या बोटीनं जाणाऱ्या कुणा गाववाल्याबरोबर ती बरणी मुंबईला जायची. गणपतीला भाऊ येताना रिकामी बरणी धुऊन परत आणायचा. "बरा झाला व्हता," एवढंच म्हणायचा. आईला तेवढं पुरायचं.

त्या वर्षीही मेण ओतून झाल्यावर आई म्हणाली, "लिव." मी वहीचा कागद फाडला. दर वर्षी सांगायची तेच तिनं सांगितलं आणि दर वर्षी लिहायची तेच मी लिहिलं : मावा गणपतीच्या आत संपव.

ते अधिक श्रावणाचं वर्ष होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात श्रावण दोनदा छापलेला होता, ते मी पाहिलं होतं. गणपती उशिरा येणार हे आईला ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण चिठ्ठी लिहिताना ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही. सवयीनं सांगितलं, सवयीनं लिहिलं.

नारळी पौर्णिमा झाली आणि तिसऱ्या दिवशी तार आली. भाऊ गेला. तार पोचेपर्यंत तिकडं सगळं उरकलं होतं. मागून खोलीतल्या एका गाववाल्याचं पत्र आलं. ते मीच आईला वाचून दाखवलं. सकाळी कामावर गेला, दुपारी ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले, दुसऱ्या दिवशी पहाटे इस्पितळात संपला. काहीतरी पोटात गेलं असावं, असं डॉक्टर म्हणाले.

आईनं पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "चिठीत काय लिवलं व्हतंस?"

"गणपतीच्या आत संपव."

ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. जेठ, आषाढ, श्रावण. मग आणखी एक श्रावण. तिचा अंगठा त्या जास्तीच्या पेरावर थांबला. "म्हैना जास्त झाला," ती म्हणाली. तिला काय म्हणायचं आहे ते मला कळलं. मी पत्राची घडी घालत बसले.

त्याच पातेल्यातल्या माव्याची दुसरी बरणी घरात होती, आमच्यासाठी ठेवलेली. आईनं ती उचलली आणि परसात माडाच्या मुळाशी रिकामी केली. वास घेतला नाही. जन्मभर प्रत्येक जिन्नस नाकाशी धरून न्याय करणारी बाई, पण त्या दिवशी तिनं मान फिरवून बरणी उपडी केली.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं माझ्याजवळ फारसं नाही. मी पाणी भरत होते, भात शिजवत होते. लोक येत होते, बसत होते, जात होते. आई त्यांना एकच सांगायची : "माझ्याच हातानं गेला तो." लोक म्हणायचे, असं बोलू नको गो. मला वाटायचं, हात तिचा आणि अक्षर माझं. पण हे मी कुणाला बोलले नाही. मला रडू येत नव्हतं. लाकडानं ओ द्यावी तशी मी सगळ्यांना ओ देत होते.

तेरावं झालं. दोन दिवसांनी पत्र लिहिणारा तो गाववाला एस.टी.नं आला. गणपतीसाठी गावी निघाला होता, वाटेत भावाची ट्रंक आमच्याकडं पोचवायला उतरला. पाणी प्यायला, पायरीवर बसला. मी ट्रंक उघडली. दोन सदरे, एक धोतर, दाढीचं सामान, आईला घेतलेलं एक नवं लुगडं. त्या लुगड्यात गुंडाळलेली बरणी.

मेण तसंच होतं. सुतळीवर आईचीच गाठ होती आणि गाठीत माझी चिठ्ठी.

मी बरणी आईपुढं ठेवली. ती कितीतरी वेळ तिला हात लावीना. मग तिनं विळीच्या टोकानं मेण फोडलं, गाठ कापली, फडकं काढलं आणि बरणी नाकाशी नेली. डोळे मिटून वास घेतला. बोटावर थोडा मावा घेऊन जिभेला लावला.

"चांगला हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ती सुटली. तिच्या हातानं तो गेला नव्हता. माझ्या अक्षरानंही नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिथं काहीच हललं नाही.

"मग खाल्लान का नाय?" तिनं गाववाल्याला विचारलं.

तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "तो दर साल शेवटालाच उघडायचा, काकी. गावाला निघायला आठ दिवस ऱ्हायले की. आम्ही मस्करी करायचो, अरे मेल्या, काढ की भायेर. तर चिठी दाखवायचा. गणपतीपातूर टिकतोय, घाई कनाला, म्हणायचा. मग आठ दिवस रोज चपातीबरोबर खायचा. आमालापण द्यायचा. यंदा गणपती लांबले, म्हणून ऱ्हायली तशीच."

म्हणजे चिठ्ठी त्यानं नीट वाचली होती. आम्ही दोघींनी लिहिली नसेल तेवढ्या विश्वासानं वाचली होती.

आईनं चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट केली आणि मला विचारलं, "गणपतीला किती दिस हायत?"

"चार."

तिनं तीन बशा घ्यायला सांगितल्या. एक गाववाल्याला, एक मला, एक तिला. प्रत्येकीत डावभर मावा. "संपवायचा हाय," ती म्हणाली. गाववाल्यानं खाली मान घालून खाल्ला आणि तो उठून गेला.

उरलेला आम्ही दोघींनी खाल्ला, सकाळ-संध्याकाळ, भातावर, भाकरीबरोबर, नुसता. त्या वर्षी आमच्याकडं गणपती बसणार नव्हता. आदल्या संध्याकाळी शेजारी मूर्ती आल्याचा गलका ऐकू आला तेव्हा आई बरणीचा तळ बोटानं निपटत होती. मग तिनं ती राखेनं घासली, धुतली आणि चुलीपाशी पालथी घातली.

मावा कसा लागत होता, ते मला आठवत नाही.