राखेने घासलेला हेडलाइट
टूथपेस्टचा वास आला की फुलचूरच्या अंगणातली आमची जुनी गाडी आठवते. तिचे हेडलाइट इतके धुरकट झाले होते, की संध्याकाळी धरणावरून परतताना बाबांना रस्त्याची कड दिसेना. एका दिव्याला ते टूथपेस्ट चोळत होते, तोवर आईने दुसरा दिवा पाणी भरायच्या पितळेच्या गुंडासारखा भाताच्या तुसाच्या राखेने घासला. तो दुधासारखा पांढरा पडला. "आंधळा केला न दिवा! काऊन घासलं?" म्हणत बाबांनी रागारागाने त्याच्यावरही टूथपेस्ट चोळली. तिन्हीसांजेला गाडी भिंतीसमोर लावली, तर आईच्याच दिव्याचा उजेड लख्ख! बाबा भिंतीकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "राख उरली का?" परवा मी दुकानातून हेडलाइट उजळायचं सामान आणलं. आधी खरखरीत कागद, मग पेस्ट. आईने कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मंग, राखच आहे न हे."