तीन फूट दोन इंच

फुलांवर प्रेम करणाऱ्या माणसांचा कात्रीला मनापासून तिटकारा होता, आणि आता तिचा नवराच जाऊन त्यांना मिळाला होता.

जेवणाच्या टेबलावर त्याने आलेखाचा कागद पसरला होता. कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या उपड्या होत्या, म्हणजे त्या दिवशी जेवायला वाट्या नव्हत्या. बत्तीस वर्षं त्याने एका ऑफिसात बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढले होते. घर काढायचं काम साहेबाचं. सांडपाण्याची नळी कुठून जाईल ते काढायचं काम याचं. रिटायर झाल्यावर चार महिने तो खिडकीत बसून समोरच्या घरांच्या नळ्या बघत होता. मग एके दिवशी त्याला फुलं सुचली.

"नुसती बघायची बाग नाही हं," तो म्हणाला. "कापायची. घरात फुलदाणीत ठेवायला. कोणाला द्यायला."

"कापता येतं का तुम्हाला? परवा पाव कापताना बोट कापून घेतलंत."

तो हसला. त्याचं हे हसणं तिला चांगलं माहीत होतं. कुणी थोबाडीत मारली तरी हा माणूस आधी हसेल आणि मग गाल चोळेल.

घराच्या मागे, भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये, बावीस फूट लांब नि चौदा फूट रुंद अशी एक पट्टी होती. कपडे वाळत घालायची तार, एक फुटकी टाकी आणि दगडासारखी झालेली माती. इतकं उजाड काहीतरी इतक्या जवळ आहे, याचा कात्रीला आधार वाटायचा. एकतीस वर्षं ती फुलांच्या दुकानात उभी होती. आणखी महिन्याभराने ते संपणार होतं. मग त्या पट्टीत एक खुर्ची टाकायची, हात मांडीवर ठेवायचे आणि काहीही न उगवणाऱ्या जमिनीकडे बघत बसायचं. एवढीच तिची म्हातारपणाची योजना होती. ती तिने कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. नवऱ्याची योजना मात्र सांगण्यासारखी होती आणि तो ती दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगत होता.

तिने कागदावरून नजर फिरवली. चार वाफे. दोन वाफ्यांमधली वाट एका बादलीएवढी. एका कडेला 'बादल्या' असं लिहिलेली निमुळती चौकट. बाजूला तक्ता: या पंधरवड्यात झिनिया, पुढच्या पंधरवड्यात पुन्हा झिनिया, म्हणजे एक खेप संपेपर्यंत दुसरी हाताशी येईल. मग अॅस्टर. उंच सूर्यफुलं कुंपणाकडे, बाकीच्यांवर सावली पडू नये म्हणून. सगळं बरोबर होतं, आणि म्हणूनच ती जास्त चिडली. चूक असती तर कागद चुरगळून चुलीत तरी घालता आला असता.

"वाफ्याची रुंदी तीन फूट दोन इंच?"

"हो."

"तीन नाही, चार नाही. वाफा आहे की पडद्याचं कापड?"

"येतं ते तसंच येतं," तो म्हणाला आणि आधीच स्वच्छ असलेला खोडरबर अंगठ्याने पुसायला लागला.

कात्री हे नाव तिला दुकानात पडलं होतं. एक म्हणजे कात्री तिच्या हातातून कधी सुटायची नाही. दुसरं कारण तिच्या तोंडावर कोणी बोलत नसे. आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. दुसरं काही मिळेपर्यंत करू, असं म्हणून आली होती आणि दुसरं काही मिळालं नाही. तिचं सगळं चरित्र एवढ्यात आटोपण्यासारखं आहे. उरलेलं हातांवर लिहिलेलं होतं. बोटांना बारा महिने भेगा, नखांच्या कडा हिरव्या-काळ्या, डाव्या अंगठ्यावर काट्यांच्या खुणांची दाट वस्ती. एकतीस वर्षांत तिने घरात एक फूल आणलं नव्हतं.

दुकानात सुगंध येतो, हे फक्त गिऱ्हाइकाला वाटतं. आत काम करणाऱ्याला येतो तो बादल्यांच्या तळाशी साचलेल्या देठांचा वास, थोडा गटाराचा, थोडा दवाखान्याचा. सकाळी माल आला की खालची पानं ओरबाडायची, देठ तिरके कापायचे, बादल्या घासायच्या, कालचं कुजकं फेकायचं. मग दार उघडायचं आणि हसायचं. गिऱ्हाइकांचे तिने तीनच ढीग केले होते: चूक करून आलेले, चूक करायला निघालेले आणि मेलेल्यांचे नातेवाईक. त्यातल्या त्यात तिसरे बरे. त्यांना रंग विचारावा लागत नाही. तरी एकदा एका सुटाबुटातल्या माणसाने पुष्पचक्र उलटसुलट करून विचारलं होतं, "किती दिवस टिकेल हे?"

"ज्यांच्यासाठी नेताय त्यांच्यापेक्षा जास्त," कात्री म्हणाली होती.

मालकाला काव्याची बाधा होती. "फुलं बोलतात, बाई," असं तो दर आठवड्याला एकदा म्हणायचा.

"बोलत नाहीत तेच बरं. आपण शिळी आहोत हे गिऱ्हाइकाला पहिलं सांगतील."

कारण शिळी फुलं खपवण्यात तिचा हात कोणी धरला नसता. गुलाबाच्या बाहेरच्या मलूल पाकळ्या चार-पाच काढल्या की गुलाब पुन्हा तरुण दिसतो, एखादा दिवस. असे गुलाब गुच्छाच्या मधोमध बसवायचे आणि ताजे कडेने. 'अगदी खास माणसासाठी हवाय' असं कोणी म्हणालं तर मधोमध दोन जास्त. खास माणूस गुच्छ उलगडून बघत नाही. तो डोळे मिटून वास घेतो.

शेवटच्या दिवशी सकाळी मालक म्हणाला, "एक गुच्छ करून ठेवा, बाई. अगदी खास माणसासाठी."

तिने नेहमीप्रमाणे केला. तीन दिवसांचे सात गुलाब मधोमध, कडेने ताजे, साटीनची लांब फीत. संध्याकाळी मालकाने दुकानातल्या चौघांना गोळा केलं, घसा साफ केला, "या हातांनी किती जणांच्या आयुष्यात वसंत फुलवला" असं काहीतरी बोलला आणि तोच गुच्छ तिच्या हातात दिला. चौघांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्याच लबाडीचा भारा छातीशी धरून कात्री उभी राहिली. वास घ्या, वास घ्या, असं मालक म्हणत होता. तिने घेतला. बादलीच्या तळाचा आला.

घरी नवऱ्याने गुच्छ देव्हाऱ्यात ठेवावा तसा टेबलावर ठेवला, देठ न कापता, फीत न सोडता, पाण्याच्या तांब्यात. तिसऱ्या दिवशी तो वाकून बघत होता.

"कडेची छान आहेत गं अजून. मधलीच कशी काय गेली?"

"मीच केला होता गुच्छ."

"मग तर टिकायला हवा होता!"

त्याच्याकडे बघून तिला आधी हसू आलं, मग कंटाळा आला. या माणसाला कोणीही काहीही विकू शकलं असतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याने चहाच्या जुन्या ग्लासांत झिनियाची रोपं केली होती आणि प्रत्येक ग्लासावर तारखेची चिठ्ठी होती. रोपं सरळ काडीसारखी वर चालली होती.

"शेंडे खुडा यांचे," ती म्हणाली. "एकेरी वाढतायत. खुडलं की चार फांद्या फुटतील. एकाऐवजी चार फुलं."

"खुडायचे? आत्ताच तर डोकं वर काढलंय त्यांनी."

"तेच डोकं."

"नको गं. जिवंत आहेत."

तिने जवळच्या ग्लासातल्या रोपाचा शेंडा नखाने तोडला. बघितलंसुद्धा नाही. त्याचा चेहरा असा झाला की जणू शेजारच्या मुलाला कोणी चापट मारली. हीच ती फुलांवर प्रेम करणारी जात, तिला वाटलं. यांच्या प्रेमाने रोपं वांझ होतात आणि मग ही माणसं दुकानात येतात.

त्याच दुपारी नणंद आली. ती मागच्याच गल्लीत राहायची आणि रिकाम्या हाताने येऊन भरल्या तोंडाने बोलायची.

"वहिनी, नशीब काढलंस हो! दादा या वयात तुझ्यासाठी बाग करतोय. आमच्याकडे बघ, साधी कुंडी आणायची तर माझं तोंड दुखतं."

"वन्सं, माझ्यासाठी नाही. स्वतःसाठी."

"तुझं आपलं काहीतरीच! अगं, गेल्या महिन्यात टेप मागायला आला होता माझ्याकडे. याची म्हणे कुठे सापडत नव्हती. वहिनीचा हात मोजायचाय, म्हणाला. मी म्हटलं, हातमोजे आणतोयस की काय बायकोला? तर म्हणाला, वाफ्यासाठी." नणंदेने जीभ चावली. "गुपित होतं वाटतं. जळलं माझं तोंड!"

"जळू दे," कात्री म्हणाली. "चहा घेणार का?"

नणंद गेल्यावर ती टेबलापाशी आली. तो पेन्सिलीला टोक करत होता. खणणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता आणि दोरी, खुंट्या, चुना, सगळं दाराशी मांडून झालं होतं.

"माझा हात कधी मोजलात?"

त्याने लपवायचा प्रयत्नही केला नाही. लपवणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"हात नाही मोजला. ओटा मोजला," तो म्हणाला. "ओट्याच्या कडेपासून चहाच्या डब्यापर्यंत एकोणीस इंच. डब्यापर्यंत तुझा हात सहज जातो. त्याच्या मागची बरणी तू मला मागतेस. म्हणजे एका बाजूने एकोणीस, दुसऱ्या बाजूने एकोणीस. तीन फूट दोन इंच. मधल्या फुलासाठीसुद्धा तुला ताणावं लागणार नाही."

ती बरणी ती किती वर्षं मागत होती कोण जाणे, आणि हा मुकाट्याने देत होता. देताना तिचा हात कुठपर्यंत आला होता ते बघत होता. दुकानात एकतीस वर्षांत कोणी तिच्या उंचीचं टेबल केलं नव्हतं. मग त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली.

"म्हणजे कापायचं मीच."

"मग कोण?" तो मनापासून चकित झाला. "तुझ्यासारखं कोणाला येतं? मी लावीन, पाणी घालीन, तण काढीन. तू फक्त सकाळी..."

"सकाळी उठून देठ तिरके कापायचे, खालची पानं ओरबाडायची, बादल्या घासायच्या. बादल्यांना जागा ठेवलीय तुम्ही. मी बघितली."

"तुला करमणार नाही म्हणून म्हटलं. एवढं काम करणारं माणूस. एकदम रिकामं..."

"मला रिकामंच व्हायचंय हो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. थोडा खाली आला होता. "मला त्या पट्टीत काही नको होतं. माती हवी होती नुसती."

पेन्सिलीचं टोक मोडलं होतं आणि मोडलेला कण कागदावर वाफ्याच्या मध्यावर पडला होता. त्याने तो फुंकला नाही. कागदाकडे बघत तो म्हणाला, "मग उद्या त्याला येऊ नको सांगू?"

तिने तेच सांगायचं ठरवलं होतं. पण रोज पट्टीत बसून मोकळ्या मातीकडे बघायचं, आणि खिडकीत बसलेल्या याने समोरच्या नळ्यांकडे बघायचं, हेही तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने गुच्छाची साटीनची फीत सोडली. मधले गुलाब टेबलावर लोळले.

"उठा. टेबलाच्या त्या कडेला गुडघे टेका."

"कशाला?"

"टेका म्हणते ना."

तो टेकला. गुडघे वाजले. "हात लांब करा. तोल जाऊ देऊ नका. जितका सहज जाईल तितका." त्याचा हात टेबलावरून पसरला, लांब, पांढरा, मनगटाशी शाईचा जुना डाग असलेला. तिने कडेपासून बोटांच्या टोकापर्यंत फीत धरली, चिमटीत पकडली आणि मोजपट्टीवर ठेवली. सत्तावीस इंच.

"दुप्पट किती?"

"चौपन्न. साडेचार फूट." तो तसाच गुडघ्यांवर होता. "अगं, पण साडेचार फुटांत मधल्या फुलांपर्यंत तुझा हात पोचणार नाही."

"नाही पोचणार."

त्याला समजायला वेळ लागला. मग समजलं आणि तो खिडकीतल्या ग्लासांकडे बघायला लागला.

"मी कापू?"

"तुम्हीच. एक फूल झाडावर ठेवलंत तर ते बी धरेल आणि बाकीची यायची थांबतील. दया आली म्हणून सोडायचं नाही."

त्याने कपाळ पुसलं. मग त्याला जे येत होतं ते तो करायला लागला. जुने वाफे खोडले, पट्टी ठेवून नवे आखले, वाटा मोजल्या, ओठ हलवत बेरीज केली.

"चाराचे तीन होतात. आणि बादल्या वाटेत ठेवल्या तर शेवटी अडीच फूट उरतात," तो म्हणाला. "अडीच फुटांत काय लावू?"

"खुर्ची."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग कागदाच्या कडेला पेन्सिल टेकवली. "खुर्ची किती बाय किती आहे आपली?" असं म्हणत तो टेप शोधायला उठू लागला.

"बसा," कात्री म्हणाली. "तेवढं मोजू नका."